ताईंची आठाची खोली

आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. कुणावर लिहावं एवढी माझी लायकी नाही. पण कापडगिरण्यांच्या उधन्यात आमच्या शेजारी पहिली-दुसरीच्या पोरांची शिकवणी घेणाऱ्या ताईंबद्दल दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही.

दाराकडे बोट करून "चल, ड्युटीवर नीघ!" म्हणायचं, ही ताईंची वजाबाकी. आमच्याकडे एका खोलीत आठ-आठ कामगार राहतात, काही दिवसपाळीचे, काही रातपाळीचे. तुम्हीही पाहिलं असेल. ताईंनी तेच उचललं. "आठ म्हणजे खोली. पाच आणि तीन तिच्यात राहणारे. आधी पाच आले काय, तीन आले काय, खोली आठाचीच. पाच गेले, तीन उरले. तीन गेले, पाच उरले. तिन्ही एकच घरना शेतस!" तिन्ही एकाच घरचे, हे शेवटचं वाक्य कायम अहिराणीत.

पोरांनी ते फारच मनावर घेतलं. आठातून आठ वजा करायला एक मुलगी तयारच होईना. "खोली रिकामी दिसली तर मालक दुसऱ्याला देईल." ताईंनी विचार केला आणि तिचं म्हणणं मान्य केलं. तेव्हापासून शून्य म्हणजे दाराला लावलेलं कुलूप.

पालक मात्र वैतागले. "ताई, पोरगं गणित सोडवायचं सोडून विचारतं, पाचांनी डबा नेला का?" शनिवारी येऊन बघायचं, नाही पटलं तर शिकवणी बंद, असं ठरलं. ताईंचा चेहरा उतरला. "भाऊ, तू कॉलेजवाला. तू समजाव ना त्यांना." मी समजावलं. कुणालाच काही कळलं नाही.

शनिवारी ताईंनी आठ पालकांनाच खोलीत उभं केलं. तिघांना ड्युटीवर काढलं. "आत किती?" "पाच!" पोरं ओरडली. मग तिघांना परत बोलावलं, तर दोघेच आले. तिसऱ्याला गल्लीतून जाणाऱ्या मुकादमाने रिकामा उभा बघून खरोखरच एका गैरहजर कामगाराच्या बदलीवर नेलं होतं.

"सात तर सात. चालशे, ताई. जाऊ द्या आता," एक पालक अर्ध्या गुजरातीत म्हणाले.

"पाच आणि तीन सात?" ताई दारात आडव्या झाल्या. "पोरांसमोर?"

कुणाला जाता येईना. ताईंनी सगळ्यांना खिचडी घातली. संध्याकाळी तो आला, केसांत धाग्यांचा भुगा. "आठ!" पोरांनी आणि पालकांनी एकच आरडाओरडा केला. तो बिचारा दारातच थबकला. "काय झालं? कुणी गेलं का?"

शिकवणी टिकली.

पुढे ताईंच्या यजमानांना पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये काम लागलं आणि दोघं तिकडे गेले. तिथे शिकवणीला कुणी खोली देत नाही, एवढं कानावर आलं. मग बरेच महिने काहीच नाही. मी धरून चाललो की शिकवणी संपली.

परवा तिकडून आलेल्या एका बाईंनी सांगितलं. ताई उघड्या मैदानात शिकवतात. बेरीज जमली, पण मैदानातून बाहेर जाणार कुठून? वजाबाकी अडली. म्हणून ताईंनी भंगारवाल्याकडून दाराची जुनी चौकट आणली आणि मैदानाच्या मधोमध रोवली. आजूबाजूला भिंत नाही, काही नाही.

तरी एकही पोर बाजूने जात नाही म्हणे.