भिंतीपलीकडचा लूम

मी परदेशी निघालो ही बातमी भिवंडीतल्या आमच्या कामतघरात पसरली तेव्हा जो भेटेल तो एकच विचारायचा, "शेड विकली काय?" आमची पॉवरलूमची शेड विकलेली नव्हती. उलट ती टिकावी म्हणूनच मी निघालो होतो. आमच्या आजूबाजूच्या लूमवाल्यांनी एकेक करून जागा गोडाऊनला दिल्या. मी तेवढा अडून बसलोय. आम्हाला मुलगी एकच, दीपाली. कापडाची इंजिनिअर झाली आणि जिनिव्हात नोकरीला लागली. तिला परत बोलवायचं आणि शेड तिच्या हाती द्यायची, एवढं एकच काम घेऊन मी विमानात बसलो. फोनवर हे बोलायचं नव्हतं. बाप समोर बसलेला असला की नाही म्हणणं जड जातं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

जिनिव्हात आठवडाभर मी तोंड उघडलं नाही. मग दीपालीनेच सुचवलं, "पप्पा, शनिवार-रविवार ल्योंला जाऊ. फ्रान्समधलं मोठं शहर आहे. एके काळी तिथे घरोघरी माग होते, रेशमाचे. आपली भिवंडीच म्हणा." मी म्हटलं, चला, देवच पावला. विषय काढायला यापेक्षा चांगली जागा कुठे मिळणार?

गाडीने दोनेक तासांत पोचलो. ल्यों दोन नद्यांचं शहर, रोन आणि सोन. नद्यांच्या मधून एक टेकडी वर चढत जाते, तिचं नाव क्रुआ-रूस. कनू (रेशीम विणणारे कारागीर) इथेच राहायचे. आम्ही भाड्याने घेतलेली खोलीही याच टेकडीवर, एका जुन्या इमारतीत होती. खोलीत शिरलो आणि मान वर करून बघतच राहिलो. छत इतकं उंच की आत आणखी एक खोली बसावी. खिडक्या उभ्या, जवळजवळ छतापर्यंत गेलेल्या. घरमालकाने छताजवळ एक माळा काढून वर पलंग टाकला होता. दीपाली म्हणाली, "माग उंच असायचे ना, म्हणून घरं अशी बांधली. खाली माग, वर माळ्यावर माणसं झोपायची."

"म्हणजे घर मागाचं, माणसं भाडेकरू," मी म्हटलं. ती हसली. मीही हसलो, पण खोलीत माझा आवाज विचित्र घुमला. लूमवाल्यांचा आवाज मुळात मोठा, त्यात ही रिकामी उंची.

दुपारी जेवायला बुशाँमध्ये (तिथली साधी, घरगुती खानावळ) गेलो. टेबलं इतकी चिकटून की शेजाऱ्याचं कोपर आपल्या ताटात. दीपालीने काहीतरी मागवलं आणि काय ते सांगितलं नाही. चुरा लावून तळलेला एक चौकोनी तुकडा आला. एक घास घेतला आणि चमकलो. वजडी! मी ते इतक्या जोरात म्हणालो की सगळी खानावळ वळून बघायला लागली. वाढणारी बाई काळजीने धावत आली, तेव्हा दीपालीने तिला समजावलं की हे आनंदाने ओरडतायत. बाईने मला आणखी एक तुकडा वाढला. वर आमच्या मसाल्याचं वाटण हवं होतं, बाकी तक्रार नाही.

संध्याकाळपर्यंत आम्ही त्राबूल बघत हिंडलो. त्राबूल म्हणजे इमारतींच्या पोटातून एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर निघणारी बोळं. विणकर पावसात रेशमाचे तागे भिजू नयेत म्हणून यांतून ने-आण करायचे. बाहेरून साधा दरवाजा दिसतो. ढकलला की अंधारं बोळ, मग चारी बाजूंनी उंच भिंतींनी वेढलेला चौक, पुन्हा बोळ, पुन्हा जिना. चौकात उभं राहून वर बघितलं की ओळीने त्या उभ्या खिडक्या, आणि एकाही खिडकीत माणूस नाही. इतक्या खिडक्या आणि आवाज शून्य. आमच्याकडे अशा गल्लीत शेजारच्याशी बोलायला ओठ वाचावे लागतात. मला तिथे फार वेळ उभं राहवेना. दीपाली फोटो काढत होती, मी तिला चल चल करत होतो.

रविवारी सकाळी तर कहर झाला. दुकानं बंद, रस्ते ओस. मी खिडकीत उभा राहिलो आणि कान देऊन ऐकत राहिलो. आमच्या गल्लीत भरदिवसा लूम थांबले तर कारणं दोनच. लाईट गेली, नाहीतर कोणीतरी गेलं. मयत झाली की ज्याचे त्याचे लूम आपोआप बंद होतात, सांगावं लागत नाही. मग शेजारी चपला घालून विचारायला निघतात, कोणाच्या घरी. मी दीपालीला म्हटलं, "इथे कोण गेलंय का बघ गं." ती म्हणाली, "पप्पा, इथे रविवार असाच असतो. तुम्ही चहा घ्या."

चहा घेताना पाठ भिंतीला टेकली होती. पाठीला बारीक थरथर लागली. कप खाली ठेवला, तळवा भिंतीवर टेकला. शेडमध्ये इतके लूम एकदम चालतात की कानाला एकाचंही वेगळं कळत नाही, म्हणून आम्ही हाताने ओळखतो. भिंतीला हात लावला की कुठला लूम सरळ चाललाय, कुठला कुरकुरतोय, ते समजतं. या भिंतीत एक लूम चालू होता. आमच्यासारखा विजेचा नाही. सावकाश, थांबून थांबून. दोन ठोके, मग जड तिसरा. हातमाग. तिथे या आवाजालाच बिस्तांक्लाक म्हणतात, आदल्या दिवशी हिंडताना मागांच्या एका संग्रहालयात ऐकलं होतं.

मी दीपालीला बोलावलं. तीही लूमच्या घरात वाढलेली. तिने हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"शेजारी वॉशिंग मशीन असेल," ती म्हणाली.

"वॉशिंग मशीन धोटा फेकतं का?"

मी हात तसाच ठेवून उभा होतो आणि ठोके चालू असता असता थांबले. सुटी व्हायच्या वेळी लूम थांबतो तसे नव्हे. आडवं सूत नेणारा धोटा मध्येच राहिला. मी चपला शोधायला लागलो.

"कुठे निघालात?"

"शेजारी. कोणीतरी गेलंय."

"पप्पा, प्लीज. इथे असं कोणाच्या दारात जात नाहीत."

"मयताला बोलावणं लागत नाही," मी म्हटलं आणि निघालो. बिचारी माझ्या मागून आली, कारण माझं फ्रेंच नमस्काराच्या पुढे नव्हतं.

भिंतीपलीकडच्या घराचा जिना वेगळा होता. बोळातून चौकात, चौकातून दुसऱ्या जिन्याने तेवढेच मजले वर. दार वाजवलं. कोणी उघडलं नाही. माझं धाडस संपत आलं होतं, तेवढ्यात कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवायला म्हणून दार उघडलं. ऐंशीच्या पुढची एक बारीक बाई उभी होती. धडधाकट, जिवंत. दीपाली गडबडीने माफी मागायला लागली, आणि बाई तिच्या ओठांकडे बघत होती. ती बहिरी होती, ओठ वाचत होती. दीपालीने भिंतीकडे हात केला, काहीतरी समजावलं. बाई एकदम बाजूला झाली आणि आम्हाला आत घेतलं.

तीच उंच खोली. पण पलंग, शेगडी, कपाट, खुर्ची, सगळं भिंतीला चिकटवलेलं आणि मधली जागा पूर्ण रिकामी. लाकडी जमिनीवर चार खोलगट खड्डे, माग उभा असायचा त्याच्या पायांचे. बाई आम्हाला खुर्चीकडे घेऊन गेली ती भिंतीच्या कडेकडेने, त्या रिकाम्या जागेला वळसा घालून. आणि मीही वळसा घालूनच गेलो. खुर्चीत बसल्यावर माझ्या ते लक्षात आलं. ताण्याच्या सुतावर पाय पडू नये म्हणून आम्ही जसे चालतो, तसा मी चाललो होतो.

बाई बोलत होती, दीपाली हळू आवाजात मराठीत सांगत होती. माग तिच्या वडिलांचा. ती तरुण असतानाच वडील वारले, माग लोकांनी उचलून नेला. आवाज मात्र गेला नाही. रोज दिवसभर चालायचा. वडिलांनी जाताना सांगितलं होतं, माग चालू असताना घर सोडून जायचं नाही. तिने लग्न केलं नाही. दुसऱ्या गावी चांगली नोकरी मिळत होती, तीही घेतली नाही. पुढे कान गेले, आणि हाताने ओळखणं तिला कधी जमलं नाही. आता माग चालतोय की थांबलाय, हे तिला समजत नव्हतं, आणि कोणाला विचारायची सोय नव्हती. विचारलं तर लोक वेड्यात काढतील.

"ती विचारतेय, तुम्हाला कळतं का," दीपाली म्हणाली. "चालू आहे का ते सांगाल का."

मी खाली बसलो. त्या खड्ड्यांच्या मध्ये तळवा टेकला. लाकूड थंड होतं. मी बराच वेळ हात ठेवला, कारण चुकायची भीती वाटत होती. हाताला काहीही लागलं नाही.

"बंद आहे," मी म्हटलं. "मघाशीच थांबला."

दीपालीने सांगितलं. बाईने तिला पुन्हा विचारलं, दीपालीने पुन्हा सांगितलं. मग बाई रडली नाही, काही नाही. तिने कपाटातून जाड कोट काढला, बाहेर छान ऊन होतं तरी. बटणं लावता लावता तिने दीपालीला विचारलं, तुमच्याकडेही माग आहेत का. दीपाली हो म्हणाली. बाईने तिच्या गालाला हात लावला, एक शब्द बोलली आणि त्या चार खड्ड्यांच्या मधून सरळ चालत दाराबाहेर गेली. दार उघडंच टाकून. आम्ही दोघं परक्या घरात उभे.

"काय म्हणाली गं?"

दीपालीने आधी मला बाहेर घेऊन दार ओढून घेतलं. मग म्हणाली, "मला म्हणाली, बिचारी."

मग आम्ही जिना उतरलो.

संध्याकाळी स्टेशनला जाताना ती पुन्हा दिसली. नदीकाठच्या एका बाकावर कोट घालून बसली होती. समोरून जाणारी मुलं, सायकली, पाण्यावरच्या होड्या, एकेक गोष्ट ती मान वळवून बघत होती. पर्यटक बघतात तशी. स्वतःच्याच शहरात. माझ्याकडेही तिने तसंच बघितलं आणि नजर पुढे गेली. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगतो, तिची भीतीही वाटली.

गाडीत दीपाली समोर बसली होती. खिडकीबाहेर बघत होती, मध्येच माझ्याकडे बघत होती. ती वाट बघतेय हे मला दिसत होतं. जिनिव्हा जवळ आलं तेव्हा ती म्हणाली, "पप्पा, तुम्हाला काहीतरी विचारायचं होतं ना? आई म्हणत होती."

"हो," मी म्हटलं. "इथलं चीज विमानातून नेऊ देतात का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नीट बांधून देते." नंतर गाडी थांबेपर्यंत ती खूप बोलली. तिच्या ऑफिसबद्दल, तिथल्या मैत्रिणींबद्दल, पुढच्या वर्षी घ्यायच्या घराबद्दल. आठवडाभरात एवढं बोलली नव्हती.

परतलो त्या दिवशी विमानतळावरून थेट घरी आलो. भरदुपार होती. शेडमधून आवाज येत होता, ओट्याखालची जमीन नेहमीसारखी थरथरत होती. मी मोरीत हातपाय धूत होतो. माझी बायको सुमन टॉवेल घेऊन दारात उभी राहिली. तिने विमानाचं, तब्येतीचं काही विचारलं नाही.

"विचारलं काय तिला?"

"न्हाय विचारलं."

सुमनने मोरीचा नळ बंद केला. मला वाटलं, चिडली. मुलगी घरी यावी असं तिलाही वाटत होतंच. मग टॉवेल माझ्या हातात देत ती म्हणाली, "ती व्हय म्हनणार व्हती. मना फोनवर बोलली. पप्पा समोर बसून विचारतील तं माझ्यानं न्हाय म्हनवणार न्हाय, सगला सोरून येन. रडत व्हती."

एवढं बोलून ती जेवण वाढायला आत गेली. त्या परक्या शहरातली ओसाड बोळं, रिकाम्या खिडक्या, भिंतीतले ठोके, सगळं मी निभावून आलो होतो. पण साऱ्या प्रवासात मला खरी धडकी भरली ती इथे, माझ्याच मोरीत, ओले हात तसेच घेऊन उभा असताना.