धुळाप्पांचं मोडनिंबशी वैर

धुळाप्पा कोळेकर सोलापुरात पुण्याच्या एसटीत बसले, की मोहोळपर्यंत शेजारच्याशी गप्पा मारायचे. मोहोळ मागं पडलं की डोळे मिटायचे, ते थेट टेंभुर्णीला उघडायचे. मधे मोडनिंब लागतं, आणि मोडनिंबकडं बघायचं नाही असा त्यांचा नेम होता. एकदा कुणीतरी त्यांना हलवून विचारलं, "मोडनिंब आलं का हो?" तर डोळे न उघडता म्हणाले, "आलं असंल. वास येतोय."

गावानं बिचाऱ्यानं त्यांचं काही बिघडवलेलं नव्हतं. राग होता तो तिथल्या फुटबॉल टीमवर.

आता धुळाप्पांचा आणि फुटबॉलचा संबंध काय, असं कुणीही विचारील. माणूस सांगोल्याकडच्या मेंढपाळ घरातला. विशीपर्यंत मेंढरांमागं हिंडला, मग सोलापुरात आला, सात रस्त्याला पंक्चरचं दुकान टाकलं आणि शुक्रवार पेठेत बिऱ्हाड केलं. पेठेच्या टीमचा चेंडू हवा भरायला त्यांच्याकडं यायचा. म्हणजे फुटबॉल त्यांच्या आयुष्यात पंक्चरच्या वाटेनं शिरला. चेंडूमागोमाग तेही मैदानावर जाऊ लागले आणि दोन-तीन वर्षांत टीमचे काका झाले. ऑफसाइड म्हणजे काय ते त्यांना अजून कळलेलं नाही. त्यांच्या मते ते पंचांनाही कळलेलं नाही.

तर गेल्या वर्षीची फायनल. पेठ विरुद्ध मोडनिंब, एक-एक अशी बरोबरी, शेवटची दोन मिनिटं. धुळाप्पा एकटेच मैदानाच्या कोपऱ्यात उभे. मोडनिंबची पोरं चेंडू घेऊन निघाली आणि पेठेचा एक बॅक आपली जागा सोडून भलतीकडंच पळत सुटला. कळपातलं एखादं शेरडू दुसऱ्याच्या ज्वारीत घुसताना दिसलं, की मेंढपाळ विचार करत बसत नाही. त्याची दोन बोटं आपोआप तोंडात जातात. धुळाप्पांचीही गेली.

ती शिट्टी अशी काही वाजली, की पेठेची अकराच्या अकरा पोरं जागच्या जागी थांबली. कुणी कमरेवर हात ठेवले, कुणी मोजा वर ओढायला लागला. त्यांना वाटलं, पंचांची शिट्टी. मोडनिंबची पोरं मात्र थांबली नाहीत. त्यांच्या घरी ही शिट्टी रोज सकाळी वाजते, मेंढरं वाड्यातून बाहेर काढताना. ती तशीच पळत गेली आणि गोल झाला. बाहेरची शिट्टी झाली तर खेळ थांबवायचा असतो, हा नियम पेठेचा कॅप्टन शिवराज यानं नंतर मोबाईलवर काढून दाखवला. पण पंच पार दुसऱ्या टोकाला होते, त्यांनी शिट्टी ऐकलीच नव्हती.

"कुणी मारली रे शिट्टी?" एकच गलका झाला. धुळाप्पांनी ओली बोटं हळूच लेंग्याला पुसली आणि सगळ्यांच्या आधी ओरडले, "मोडनिंबवाल्यांनी! मी माज्या डोळ्यांनी बगितलंय!"

एवढं बोलून ते अडकले. वर्षभर पेठेत जो भेटेल तो त्यांनाच ती हकीकत सांगायला लावायचा, कारण साक्षीदार तेवढेच एक. दर खेपेला हकीकत सुधारत गेली. दिवाळीपर्यंत शिट्टी मारणाऱ्याला मिशी फुटली होती आणि संक्रांतीला त्याच्या डोक्यावर पिवळा फेटा आला होता. गंमत म्हणजे सांगता सांगता धुळाप्पांना त्या फेटेवाल्याचा खरोखरच राग येऊ लागला. मोडनिंबच्या टीमला पेठेत "शिट्टीवाले" हे नाव कायमचं पडलं.

खरं माहीत होतं ते फक्त त्यांच्या बायकोला, बनाबाईंना. त्या भाकरी थापता थापता म्हणायच्या, "फेटा कंच्या रंगाचा हुता म्हनालासा?"

"गप बस की."

यंदा बनाबाईंच्या भाचीचं लग्न निघालं, ते नेमकं मोडनिंबला. नाही म्हणायची सोय नव्हती. अक्षता पडल्या, जेवण झालं आणि पाय मोकळे करायला म्हणून धुळाप्पा मांडवाबाहेर पडले, तर समोर माळावर मोडनिंबची टीम सराव करत होती. मुरमाड माळ, गोलाच्या खांबाच्या जागी दोन चपलांचे ढीग. धुळाप्पा तोंड वाकडं करून बघत उभे राहिले. तेवढ्यात हवा जाऊन चेंडू बसला. एका पोरानं पंपाची सुई कोरडीच चेंडूत खुपसली, तेव्हा मात्र धुळाप्पांना राहवलं नाही.

"आरं आरं! थुकी लाव आदी! व्हाल फाडतोस का काय? आन हिकडं."

हवा भरून झाली. टीमचा कॅप्टन माउली, जेमतेम विशीचा, चेंडू आपटून बघत म्हणाला, "लई झ्याक, मामा. तुमची शिट्टी जशी भारी, तसाच तुमचा हातबी हाय."

धुळाप्पांनी हातातली सुई लेंग्याला पुसली. "कसली शिट्टी?"

"कोपऱ्यात हुबं राहून मारल्याली की. आमच्या आज्ज्याची डिक्टो अशीच हाय. मी पळता पळता वळून बगितलं हुतं तुमाला."

"मग... कुनाला बोलला न्हाईस?"

"आमी समद्यांनी ठरवलं, न्हाय बोलायचं. तुमच्या पेठंतल्यांनी तुमाला टीममदनं हाकललं असतं. आमचं काय, आमाला कुटंबी गेलं तरी शिव्या पडत्यात." मग हसून म्हणाला, "आन् गोल तर आमालाच मिळाला हुता की."

परतीच्या एसटीत धुळाप्पांनी डोळे मिटले नाहीत. अकरा पोरं वर्षभर आपल्या वाटणीच्या शिव्या खातायत, आणि वर आपल्याला मामा म्हणतायत, हे त्यांना काही केल्या गिळता येईना. बरं, खरं बोलावं तर पेठेचं मैदान सुटणार. सात रस्त्याच्या धुरात दिवस काढणाऱ्या माणसाला संध्याकाळचं तेवढंच एक होतं. दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. बनाबाई म्हणाल्या, "सांगून टाका. पिवळ्या फेट्यावाल्यालाबी बरं वाटंल."

मोडनिंबशी यंदाची गाठ सेमीफायनललाच पडली. धुळाप्पा मैदानावर पोचले तर शिवराजनं त्यांच्या हातात एक जड पिशवी दिली. आत शंभर प्लास्टिकच्या शिट्ट्या.

"काका, आपल्या पब्लिकला वाटून टाका. मोडनिंबनं चेंडू घेतला, की सगळ्यांनी वाजवायच्या. शिट्टीवाल्यांना कळू दे की! पहिली तुम्ही घ्या, साक्षीदार आहात तुम्ही."

धुळाप्पांनी पिशवी खाली ठेवली. "शिवराज, ती शिट्टी माजी हुती."

"कुठली?"

"गेल्या सालची. मीच मारली. फेटा बिटा कुनी नव्हता."

टीम खो खो हसली. एक जण म्हणाला, "काका, मोडनिंबला काय खाऊन आलात बे?" शिवराजनं तर त्यांच्या पाठीवर थाप मारली. "काका, लई मोठं मन आहे तुमचं. पण तोंडानं एवढी शिट्टी? होत नाही हो. चला रे, वॉर्मअप!"

या बाबतीत पहिल्यांदाच धुळाप्पा खरं बोलले होते, आणि कुणी ऐकायला तयार नव्हतं. पोरं पळायला लागली. धुळाप्पांनी एकदा आभाळाकडं बघितलं आणि दोन बोटं तोंडात घातली.

पेठेची अकरा पोरं जागच्या जागी थांबली. तिघांचे हात कमरेवर गेले. पलीकडच्या टोकाला मोडनिंबवाले पळतच होते. त्यांच्यातल्या एकानंही मान वळवली नाही.

शिवराजनं आपले कमरेवरचे हात पाहिले, मग खाली काढले. परत येऊन त्यानं शिट्ट्यांची पिशवी उचलली आणि एका पोराला म्हणाला, "गाडीत टाक." मग धुळाप्पांकडं न बघता म्हणाला, "त्यांना कधीपासून माहितीये?"

"पयल्या दिवसापासनं. माउलीनं बगितलं हुतं मला."

"आणि बोलले नाहीत?"

"न्हाय."

शिवराजनं ओठ चावला. "तुम्ही आज तिकडं उभं राहायचं, काका. मोडनिंबच्या बाजूला."

शिक्षा म्हणूनच होती ती. धुळाप्पा मान खाली घालून अख्खं मैदान ओलांडून गेले. जाताना त्यांना दिसलं, शिवराज माउलीपाशी गेला होता आणि दोघं काहीतरी बोलत होते. नंतर टॉसच्या वेळी पेठेचं पब्लिक "शिट्टीवाले" म्हणून ओरडायला लागलं, तेव्हा शिवराजनंच हात वर करून त्यांना गप्प केलं.

सामना सुरू झाला. पहिली दहा मिनिटं धुळाप्पा हात खिशात घालून पुतळ्यासारखे उभे होते. मग मोडनिंबचा एक बारका पोरगा पेठेच्या दोघांना चुकवून पुढं निघाला आणि त्यांच्यासमोरच घसरून पडला.

"ऊठ की लेका! सोडू नगं चेंडू!" धुळाप्पा ओरडले, आणि मग दचकून इकडंतिकडं बघायला लागले.

शिवराज चार हातांवरच होता. चेंडूमागं पळता पळता म्हणाला, "ऐकलं हां काका. आजच्यापुरतंच!"