शटर ओढून घेतलेली चाचणी

चौसाळ्याच्या बंकट वायरमनला आगीची भीती होती आणि ती तो कामात वापरायचा. ऊसतोडीला असताना त्याची कोपी, पाचटाची झोपडी, जळाली होती. माणूस कोणी गेलं नाही, पण त्याच्या बायकोच्या, साखराबाईच्या पिंढरीवर डाग राहिला. त्याच वर्षी त्यानं कोयता ठेवला आणि गाड्यांच्या वायरिंगचं काम शिकला.

नवी तार टाकली की दिवे दहा मिनिटं चालू ठेवायचे, मग तारेवरून हात फिरवायचा. पालथा हात. तळव्याला घट्टे असतात, त्याला ऊब कळत नाही. तार कोमट लागली तरी उपसायची आणि जाड टाकायची. गिऱ्हाईक कितीही ओरडो.

मी सहकारी साखर कारखान्यात एकतीस वर्षं गव्हाणीवर ऊस टाकला. निवृत्त झालो आणि दोन हंगामांनी पाण्यावाचून कारखानाही बंद पडला. घरी हात आखडायचे म्हणून मी बंकटच्या दुकानात बसायचो. बॅटरीचा उजेड धरायचा, पाने द्यायचे, शटर ओढायचं. शटर ओढणं माझंच काम होतं, हे सांगणं भाग आहे.

दोन हजार एकोणीसचा उन्हाळा होता. गावातली निम्मी जनावरं दूध संस्थेच्या चारा छावणीत होती, गावापासून नऊ किलोमीटरवर. बंकटचे दोन बैल आणि गाभण गाय तिथंच दावणीला होती. साखराबाई त्यांच्यापाशीच राहायची. छावणी संस्थेचे सचिव मोहनराव बघायचे.

मोहनरावांनी पुण्याहून जुनी गाडी आणली होती. ती सकाळी नऊला दुकानापुढे उभी राहिली तेव्हा भर उन्हात तिचे दिवे जळत होते.

"तात्या, दिवे चालूच ऱ्हायलेत," बंकट म्हणाला.

"ऱ्हाऊ दे बे. बाहेरच्या देशातली हाय ती. इंजिन चालू झालं की दिवसाबी मिणमिणती. पर रात्री काय दिसत न्हाई. काचा पिवळ्या झाल्यात. हे नवे दिवे बसीव."

खोक्यात दिव्यांचा नवा जोड होता, बल्ब मूळच्यापेक्षा दुप्पट ताकदीचे. बंकटनं बंपर उतरवला, जुने दिवे काढले. मूळ तार एवढा भार ओढणार नाही म्हणून बॅटरीवरून थेट जाड तार घेतली, मध्ये फ्यूज, मध्ये रिले. रिले म्हणजे डबीतला स्विच; गाडीच्या मूळ तारेनं त्याला खूण द्यायची, मग तो जाड तारेतून दिवा पेटवणार. सगळे सांधे कथलाचा डाग देऊन जोडले. साडेपाच तास काम केलं. मध्ये एकदा पाणी प्यायला, तेही उभ्यानं.

मग चाचणी. उजेड भिंतीवर कुठं पडतो ते बघायला अंधार लागतो. आम्ही गाडी ढकलत आत घेतली, मी शटर ओढलं. बंकट इंजिन चालू करायला गेला.

"धूर कावून करतो? गुदमरून मारतो का मला?" मी म्हणालो. "बॅटरीवर बघ की."

त्यानं बॅटरीवर बघितलं. दहा मिनिटं. तारेवरून पालथा हात फिरवला. तार थंड होती. गाडी ढकलत बाहेर काढली; रस्त्याच्या गोंगाटात मोहनराव ती चालू करून गेले.

पाऊण तासानं त्यांचा फोन आला. बंकटनं आवाज मोठा करून फोन फळीवर ठेवला, हात ग्रीसनं भरले होते.

"बंकट, काम झकास. पर आतून रातकिड्यावानी किरकिर यायलीय."

"इंजिन चालू हाय का, तात्या?"

"मंग? साऱ्या छावणीचे फोन चार्जिंगला लावलेत गाडीत. त्ये तापू नयेत म्हणून एसी बी लावलाय. कडब्याच्या गंजीच्या सावलीला हाय गाडी. ठेव आता, जनावरं मोजणारे आलेत. माझा बी फोन हितंच लावतो."

"तात्या, बंद करा! गाडी बंद..."

फोन कट झाला होता.

 बंकटनं परत लावला. वाजत राहिला. साखराबाईचा लावला. वाजत राहिला. तोही त्याच गाडीत होता.

"आप्पा, दिवसाचा दिवा येगळा न्हाई," तो म्हणाला. "त्योच बल्ब हाय. त्येला तोडून तोडून करंट देतीय गाडी, म्हणून मिणमिणतो. आता ती तोडून दिलेली खूण माझ्या रिलेला चाललीय. सेकंदाला शंभरदा उघडझाप करतोय त्यो. आत ठिणग्या पडत असतील."

"फ्यूज हाय की."

"फ्यूज जास्त करंटला उडतो. ठिणगीला न्हाई उडत."

इंजिन चालू केलं असतं तर ती किरकिर दुकानातच ऐकू आली असती.  

त्यानं दहा नंबरचा पाना खिशात टाकला. मी मागं बसलो. मोटारसायकल त्यानं कधी चाळीसच्या वर नेली नव्हती. त्या दिवशी काटा कुठं होता मी बघितलं नाही. गंजीत दोन ट्रक वाळलेला कडबा होता, आणि गंजीला लागूनच दावणी. साडेतीनशे जनावरं, सगळी दोरानं बांधलेली. आणि पाणी? टँकर दुसऱ्या दिवशी येणार होता.

टेकाड चढलो तेव्हा समोर काळपट लोट दिसला. बंकट "साखरे" एवढंच म्हणाला. गाडी हेलकावली. मी त्याचा शर्ट धरला.  जवळ गेल्यावर कळलं, वावटळ होती. तरी त्यानं वेग कमी केला नाही.

छावणीत काही झालं नव्हतं. जनावरं रवंथ करत होती. मोहनराव पार पलीकडच्या दावणीला मोजणाऱ्या माणसांबरोबर उभे होते. गाडी गंजीला खेटून, नाक कडब्याकडे करून घरघरत होती. दिवे उन्हातही डोळ्यात खुपत होते. जळक्या प्लास्टिकचा वास येत होता.

बंकटनं दार उघडून किल्ली फिरवली, खटका ओढला, बॉनेट उचललं. पाना त्यानं माझ्याकडं टाकला. बॅटरीचं टोक मी सोडवलं. तोवर त्यानं रिले हातानंच उपटला. डबी मऊ होऊन एका अंगाला वाकली होती, ती त्याच्या बोटांना चिकटली. 

वाऱ्यानं गाडीच्या पुढच्या जाळीतून कडब्याच्या काड्या आत येऊन पडल्या होत्या. रिलेला टेकलेल्या एका काडीचं टोक काळं झालं होतं. एक बोटभर.

साखराबाई शेणाच्या हातानं धावत आली. "अवो, दुकान सोडून हितं कावून? कुणी गेलं का?"

त्यानं ती काडी तिच्यापुढं धरली. ती काडीकडं बघत राहिली, मग गंजीकडं. नंतर खाली वाकून लुगडं सावरल्यासारखं करून तिनं पिंढरी झाकली.

मोहनराव आले. "झालं काय बे एवढं? दुसरा टाक की डब्बा."

"जुने दिवे लावतो, तात्या. डिकीत हायेत ना?"

"पिवळे? लोक हसतील की!"

"हसू द्या."

गाडी ढकलत ढकलत गंजीपासून पन्नास पावलं लांब नेली. तीन बोटांना चिंधी बांधून बंकटनं नवे दिवे उतरवले, जुने चढवले. दोन तास लागले, एकही स्क्रू हुकला नाही. मग त्यानं इंजिन चालू केलं. पिवळ्या काचा मिणमिणल्या. दहा मिनिटं झाली, वीस झाली. तो पालथा हात तारेवर ठेवून उभाच.

"थंड हाय ना?" मी विचारलं.

"हाय."

"मंग?"

"ऱ्हाऊ द्या अजून, आप्पा."

साखराबाईनं त्या रात्री गाय आणि बैल गंजीपासून सोडून पार टोकाच्या दावणीला नेऊन बांधले. आता चाचणीच्या वेळी दुकानाचं शटर मी अर्धंच ओढतो. खालून धूर जातो. इंजिन चालू असतं.