आधी वहीत

सांगलीत हळदीच्या पेढीवर होतो, तेव्हा फोन नंबर साठवायची माझी डिजिटल डायरी काही केल्या कॉम्प्युटरला जोडली जाईना. माधवनगरहून दुरुस्तीवाला आला, दिवसभर हिंडून दमलेला. चपला काढून त्याने पाय चोळले आणि केबलला हात लावण्याआधी वही उघडली.

"नंबर वाचा. मशीनचा भरवसा न्हाई."

मी वाचत गेलो, तो लिहीत गेला. एका मित्राचा नंबर तोंडून निघून गेला आणि मी थांबलो. "हा राहू द्या. गेल्या वर्षी वारला तो."

त्याने मान वर केली नाही. "आवं, तुमच्यानं पुसवला न्हाई, मग मी कसा सोडू?"

केबल चाललीच नाही. जाताना त्याने पानं फाडून दिली. डायरी पुढे बंद पडली. मित्राचा नंबर अजून आहे, त्या दमलेल्या माणसाच्या अक्षरात.