घंटेतलं मेण

त्या सकाळी मी देवापुढे बसून घंटा उचलली, हलवली, तर ती वाजलीच नाही. लाकडावर बोट आपटावं तसं नुसतं 'ठक' झालं. उलटी करून पाहिली, तर आत गुलाबी मेण गच्च भरलेलं आणि लोलक त्यात रुतून बसलेला.

गुलाबी मेण आमच्या घरात एकाच माणसाकडे असतं, माझ्या नणंदेकडे. ती कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर तोंडाचे ठसे लॅबमध्ये पाठवतात. ही त्यात प्लास्टर ओतते, मेणाच्या हिरड्या घडवते आणि त्यात एकेक दात बसवते. शिक्षण संपल्यापासून तेच काम आणि खिडकीजवळचं तेच टेबल. सगळे दात एका रांगेत सरळ मात्र कधी लावणार नाही. "इतके सरळ दात जाहिरातीतच असतात, वहिनी. माणसाचा एखादा दात तरी शेजाऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकून असतो."

तर या बाईनं माझ्या आईनं दिलेल्या घंटेचं तोंड बंद केलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच तिच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले.

"देवाची वस्तू आहे ती!"

ती पलंगाच्या कडेला बसली होती. दोन्ही कानांवर उशी दाबलेली. "माहितेय. देवाला सांगितलंय मी. तुम्हाला सांगायचं राहिलं."

"मस्करी सुचतेय तुला?"

"मस्करी नाही. तुमची घंटा माझ्या दाढेत वाजते. तिथून डोक्यात चढते. मग दिवसभर उतरत नाही."

आरडाओरडा ऐकून हे बाहेर आले. घंटा हातात घेऊन आत पाहिलं. फोन उचलला आणि खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "सोमवारी बघायला येतो. हो, बहिणीसाठी."

माझा राग जागच्या जागी थिजला. फोन कुठे लागला ते मला कळलं होतं. सासूबाईंना विसरण्याचा आजार झाला, तेव्हा शेवटी त्यांना गावाबाहेरच्या आश्रमात ठेवावं लागलं. तिथे फिनेलचा वास, रात्रंदिवस चालू टीव्ही आणि एका खोलीत चार खाटा. नणंद आईला भेटून आली की दोन-दोन दिवस जेवायची नाही. एकदा परतताना बसमध्ये मला म्हणाली होती, "मला इथे ठेवलंत, तर मी बोलणं बंद करीन." धमकी नव्हती ती. उद्या दुकान बंद आहे असं सांगावं तसं सांगितलं होतं.

मी लग्न होऊन आले तेव्हा ही शाळेत होती. सासूबाई हिला 'घड्याळ' म्हणायच्या. नाश्त्याला रोज तेच, त्याच बशीत. नव्या कपड्याचं मानेमागचं लेबल कापल्याशिवाय अंगात घालणार नाही. चार माणसांत विनोद झाला की आधी आमच्या तोंडांकडे बघायची, मग हसायची. एकदा भाजी निवडताना मला सांगून टाकलं, "कधी हसायचं ते मी तुम्हाला बघून शिकले." मला वाटलं, असतो एकेकाचा स्वभाव. आणि स्वभावाला औषध नाही.

पण गेल्या वर्षापासून घड्याळ बिघडलं. पाळी कधी दोन महिने नाही, कधी महिन्यातून दोनदा. फ्रिज उघडून त्यात डोकं घालून उभी राहायची. झोप उडाली. चमच्याकडे बोट दाखवून म्हणायची, "ते द्या ना, ते... तोंडात घालायचं." एकदा लॅबमध्ये पॉलिशचं मशीन चालू ठेवून, अंगात एप्रन तसाच, ती घरी निघून आली. लॅबचे मालक भले माणूस, पण तेही म्हणाले, थोडे दिवस घरीच थांबा. माझी पाळी शहाण्या पाहुण्यासारखी गुपचूप निघून गेली होती. हिची मात्र दारं आपटत, भांडी फोडत चालली होती.

"आईचंही असंच सुरू झालं होतं. आधी शब्द गेले," हे म्हणाले.

"आश्रमाआधी बायकांच्या डॉक्टरीणबाईंना दाखवू. मग तुम्ही म्हणाल तसं."

"दाखव. पण सोमवार ठरलाय."

शुक्रवारी आम्ही तिघं गेलो. जाताना मी देवाला हात जोडले, तेही घंटेविना. खोलीत डॉक्टरीणबाई विचारत होत्या नणंदेला आणि उत्तरं देत होते हे. "विसरते. चिडते. घरातल्या वस्तूंची नासधूस करते. आमच्या आईला..." नणंद गप्प. मान खाली, मुठीत मेणाचा गोळा, बोटं त्यावर एकसारखी फिरत होती. ती आत्ता बोलली नाही, तर तिचं बोलणं खरंच गेलं असंच हे धरून चालणार.

"बोल ना गं," मी हळूच म्हणाले. ती ताडकन उठली, भिंतीपाशी गेली आणि दिव्याचं बटण बंद केलं.

"बघितलंत?" हे म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी बटणाला हात लावला नाही. खिडकीच्या उजेडातच विचारलं, "ट्यूबचा आवाज येत होता?"

"आल्यापासून," नणंद म्हणाली. "बाहेरचीही गुणगुणते. तिचा सूर वेगळा आहे."

"हे लहानपणापासून?"

"हो. पण तेव्हा सोसायचं. आता कातडीच राहिली नाही अंगावर."

मग ती बोलत गेली, थांबत, शब्द शोधत. बशीचं, लेबलचं, हसण्याचं. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि आमच्याकडे वळल्या. "विसरण्याची तपासणी करून घेऊ, पण मला तो आजार वाटत नाही. पाळी जाताना अनेकींची झोप जाते, शब्द अडतात. आणि यांना बहुधा जन्मापासून ऑटिझम असावा. त्याची नीट तपासणी करणाऱ्या बाई आहेत, चिठ्ठी देते. आयुष्यभर सांभाळून, झाकून नेलं यांनी. आता ते सांभाळायची ताकद कमी पडतेय. अंगात उसळणाऱ्या उष्म्यावर औषध देऊ. बाकी घरात आवाज कमी ठेवा आणि जागा बदलू नका. जागा बदललीत, तर फार जड जाईल."

"ऑटिझम लहान मुलांना असतो ना?" हे म्हणाले.

"लहान मुलं मोठी होत नाहीत का, दादा?" नणंद म्हणाली. आणि कुणाच्या तोंडाकडे न बघता हसली.

तरी घरी आल्यावर यांनी विषय काढलाच. "औषध लागू पडायला वेळ लागणार. तोवर रोज सकाळी हा तमाशा? तू घंटेशिवाय राहणार आहेस?"

खरं सांगायचं तर नव्हते राहणार. आई गेल्यावर तिचा आवाज म्हणून मला ती घंटाच होती. नणंद दारात उभी होती. बोटं मुठीत घट्ट मिटलेली. माझ्या तोंडाकडे बघत होती, पूर्वी विनोद झाल्यावर बघायची तशी.

"घंटा माझी आहे. तिचं काय ते मी आणि ही बघू," मी म्हणाले. "तुम्ही फोन करून नाही म्हणून सांगा."

हे उठले नाहीत. आम्ही दोघी जेवणाच्या टेबलाशी बसलो. नणंदेनं आपली कोरायची हत्यारं आणली. पातं तापवून लोलकाच्या बाजूनं थोडं मेण काढलं, घंटा माझ्या हातात दिली. मी हलवली. ठक.

"अजून काढ."

तिनं कोरलं. कवळी तोंडात बसवून बघतात, तशी घंटा पुन्हा पुन्हा माझ्याकडे येत होती. एकदा किणकिण झाली, तर तिनं दात आवळले आणि काढलेलं मेण परत भरलं.

"एवढं नको! काही ऐकूच येत नाही," मी म्हणाले.

"तुम्हाला येत नसेल. देवाचे कान चांगले असतील ना?"

"आगाऊपणा पुरे. कोर."

शेवटी आतून एक आवाज आला, दुलईखाली कुणी खाकरल्यासारखा. माझ्या आईचा नव्हता तो. पण मी डोळे मिटून घंटा पुन्हा हलवली आणि तिच्याकडे पाहिलं. ती जबड्यावर बोट ठेवून तपासत होती.

"दाढेपर्यंत येतो," ती म्हणाली. "वर जात नाही."

हे कधी उठून गेले कळलं नाही, पण आतल्या खोलीतून यांचा आवाज आला. फोनवर बोलत होते. "नाही, सोमवारी येत नाही. नाही, पुढच्याही नाही."

नणंदेनं टेबलावरचे मेणाचे कपटे बोटानं गोळा केले, त्यांची गोळी वळली आणि डबीत टाकली. म्हणाली, "ठेवते. एखाद्या दिवशी लागेल."