बिनबुडाची बादली

“माझा हंडा मागं कुणी सारला?”

“तुमचा हंडा मागंच व्हता, मालकीणबाई. मही बादली पाहा, कव्हाची बसलीय इथं.”

“ती बादली? तिला बूड तरी हाय का? बिनबुडाच्या बादलीनं नंबर लावायला ही काय तुज्या बापाची इहीर हाय?”

“इहीर असती तर तुम्ही नंबर लावूच दिला नसता. नळ हाय, सरकारी हाय, आन् नंबर महा हाय!”

रांगेतल्या बायकांनी आपापल्या कळश्या उपड्या घातल्या आणि त्यांवर बैठक मारली. कासारवाडीतल्या त्या चाळीत सकाळचं पाणी येईपर्यंत करमणूक काय, तर कस्तुरा आणि सुभद्राबाई. सुभद्राबाई चाळीची मालकीण, इथल्या जुन्या घरातली. तिच्या वावरात कारखाना उभा राहिला, उरलेल्या तुकड्यावर तिनं खोल्या बांधल्या, आणि खोल्यांतून सगळा महाराष्ट्र राहायला आला. कस्तुरा त्यातलीच, औरंगाबादकडची. तिची ती बूड गेलेली पत्र्याची बादली पाणी भरायला नव्हतीच. ती होती जागा धरायला.

“मर मेले नंबरासाठी!” सुभद्राबाईनं पदर खोचला. “चार दिसांची तर पाव्हनी हाईस. तुज्या मुलखात कारखाना निघालाय, भिवा बदली घेतोय, तरी हिचा नंबर सुटंना!”

कस्तुराच्या तोंडातून आवाज निघाला नाही, असं त्या नळानं पहिल्यांदाच पाहिलं.

“कोन म्हनलं?”

“आमचा पोरगा, हिंदुराव. तुज्या नवऱ्याच्याच खात्यात हाय न्हवं? सरकार म्हनतंय, पुन्याम्हमईत कारखान्यांची गर्दी बास झाली. मागास मुलखात जा, सवलती देतो. म्हनून कंपनी औरंगाबादला निघालीय. जायाचं असंल त्यानं उद्या नाव द्यायचं.” मग आवाज उतरवून तिनं विचारलं, “तुला ठावं न्हवतं, व्हय गं?”

नळ खोकला, सुस्कारला, पाणी आलं. मागचे हंडे पुढे गेले. त्या दिवशी कस्तुराचा नंबर हुकला.

बहात्तरच्या दुष्काळात कस्तुरा आणि भिवा रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. तिथून कुणाच्या तरी ओळखीनं भिवा इकडे आला, हेल्पर म्हणून चिकटला, पुढे कायम झाला. तेव्हापासून त्याचं एकच पालुपद: “आपल्याकडं कारखाना निघू द्या, दुसऱ्या दिवशी बोचकं बांधतो!” चाळीला ते इतकं पाठ होतं, की तो “आपल्याकडं” म्हणाला की पोरं “बोचकं!” ओरडून मोकळी होत.

आणि कस्तुरा? ती आली त्याच दिवशी घागर घेऊन नळावर गेली आणि लांब उभी राहिली. घागर खाली ठेवून, कुणी पाणी घालील याची वाट बघत. गावच्या विहिरीवरची सवयच तशी. सुभद्राबाई खेकसली, “ए बया, उभी काय पाव्हनीवानी? नंबर लाव, न्हाईतर तान्हेली मर!” कस्तुरानं घाबरत घागर पुढे लोटली ती नेमकी सुभद्राबाईच्या हंड्यावर आदळली. ती दोन पावलं मागे सरली. आता?

“माज्या हंड्याला पोचा पाडलास, सटवे!”

पोचा! शिवी पोच्याची होती, शिवण्याची नव्हती. कस्तुरा घरी येऊन एकटीच हसत बसली होती.

पुढे खोलीत बाबासाहेबांचा फोटो लागला, तेव्हा सगळं कळलंच सगळ्यांना. मग मात्र वर्षभर सुभद्राबाईचे उपास फार वाढले. कस्तुरानं चहा विचारला की हिची एकादशी. पण नळावरच्या शिव्यांत तिनं काही कमी केलं नाही, आणि एका उन्हाळ्यात ती खरोखरच्या एकादशीला दारात येऊन बसली: “च्या टाक गं. आलं घालून.”

दुपारी भिवा पहिल्या पाळीवरून आला. डबाही खाली ठेवू दिला नाही कस्तुरानं.

“मला कव्हा सांगनार व्हता? टेम्पोत बसल्यावर?”

“आजच सांगनार व्हतो गं. ऐक तर! कंपनी क्वार्टर देनार हाय. मोरीतच नळ. चोवीस तास पानी. नंबर नाही, भांडन नाही...”

“भांडन नाही?”

“कोनासंगच नाही!”

“मग म्या तिथं दिवसभर करू काय?”

भिवा हसला. ती हसली नाही.

“तुमच्या आईनं गावच्या इहिरीवर कव्हा भांडन केलं का हो?”

“नाही.”

“कामून?”

भिवानं डबा खाली ठेवला.

“वरून पानी घालनाऱ्यासंग कोन भांडतं?” ती म्हणाली. “‘माय, घाला’ म्हनायचं आन् खाली बघायचं.”

“आता तसं राह्यलं नाही, कस्तुरा. आन् क्वार्टर काय गावात नाही. म्हातारी जवळ राहील, म्हनून...”

“तिला इथं आना की! दोन नंबर धरायला मानूस पायजेच मला.”

“आन् इथंबी घरात नळ आला म्हंजे?”

“तव्हा सुभद्राबाईला घरी बोलावून भांडीन. च्या पाजून!”

आता मात्र त्याला हसू आवरेना, आणि त्याला बघून तिलाही. तेवढ्यात बाहेरून हाळी आली.

“ए कस्तुरे! दुपारचं पानी आलं! सकाळी नंबर हुकला म्हनून तुजी बिनबुडी मीच पयली लावलीय. येतीस का देऊ फेकून?”

कस्तुरानं डोळ्याला पदर लावला, घाईनं काढला.

“फेका तर खरं! पोचा पडला तर भरून घेईन!” ती दाराकडून ओरडली. मग भिवाकडे वळली. “बोला आता. उद्या सायबाला काय सांगनार?”

इतक्या वर्षांत चाळीतला एकही बाप्या त्या नळावर गेला नव्हता. भिवानं कोपऱ्यातला हंडा उचलला, तिच्या चुंबळीचं फडकं स्वतःच्या डोक्यावर ठेवलं, आणि कंपनीच्या खाकी कपड्यांतच, बायकांच्या रांगेकडे चालू लागला.