हातोडीची खूण

आठवडी बाजारात वडाखाली घिसाडी बसला होता. डावा पाय गुडघ्याखाली वाळलेला. मी बोथट कोयता ठोकून घ्यायला नेला होता.

घिसाड्यांमध्ये तापलेलं लोखंड नवरा सांडशीत धरतो आणि घण बायको मारते. घाव कुठे हवा ते तो बोलून सांगत नाही. त्या जागी लहान हातोडी टेकवतो, ती उचलताच तिथे घण पडतो.

त्याने लाल झालेला कोयता ऐरणीवर धरला, हातोडी टेकवून उचलली आणि थांबला. घण जमिनीवरच पडून होता.

"कुणाची वाट बघता, मामा? लोखंड निवतंय," मागे उभा असलेला एक जण म्हणाला.

"बायको गेली पोळ्याच्या आधी," घिसाडी म्हणाला. "हाताला अजून कळलं नाही."

ग्रीक पुराणातला अग्नीचा आणि लोहारकामाचा देव हेफेस्टसही लंगडा होता. आधाराला त्याने सोन्याच्या दासी घडवल्या. त्या चालायच्या, बोलायच्या. तो देव होता, त्याला ते जमलं.

कोयता पुन्हा विस्तवात गेला. मघाचा माणूस पुढे आला आणि त्याने घण उचलला. घिसाड्याने हातोडी टेकवली. घाव बोटभर बाजूला पडला.

"चुकला का?" त्याने विचारलं.

"तिचाही पहिल्यांदा चुकला होता," घिसाडी म्हणाला, आणि त्याने त्याच जागी पुन्हा हातोडी टेकवली.